प्लावक बलाच्या बाई

“ताई, तुम्ही श्वास सोडतच नाही आहात.”

पहिल्या आठवड्यात कोचने हे सांगितलं तेव्हा मी तिच्याशी जवळजवळ भांडलेच. सोडत होते की! पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढत होते, माझे मला ऐकू येत होते. तिने वाद घातला नाही. “बरं, भिंतीला धरा आणि नुसते बुडबुडे काढा. मी मोजते,” म्हणाली. मी डोकं खाली घातलं, जमेल तेवढा वेळ थांबले, वर आले. “एकूण नऊ सेकंद खाली होतात. बुडबुडे आले दोन सेकंद.” उरलेली सात सेकंदं मी गाल फुगवून, श्वास कोंडून नुसती बसले होते. वर येता येता तो सगळा कोंडलेला श्वास फस्सकन सोडायचा आणि त्याच क्षणी नवा घ्यायचा, असा माझा उद्योग चालला होता. नवा श्वास आत शिरणार कुठे? घर आधीच भरलेलं.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायला लागले. त्याला आता दीड वर्ष होईल. शाळेत विज्ञान शिकवते. गेली अठरा वर्षं दरवर्षी न चुकता प्लावक बल शिकवलंय. द्रवात बुडवलेल्या वस्तूने जेवढा द्रव बाजूला सारला, त्या द्रवाच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. बादलीत चेंडू, मिठाच्या पाण्यात अंडं, सगळं करून दाखवलंय. एक वस्तू तेवढी कधी बुडवून पाहिली नव्हती, ती म्हणजे शिकवणाऱ्या बाई.

तर श्वास. दम लागतो तो ऑक्सिजन संपला म्हणून, असं मी मनात धरून होते. खरं तर श्वास घ्यायची ती जी घाई सुटते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. हे मला ठाऊक होतं, वर्गात सांगितलेलंही होतं, पण पाण्यात शिरल्यावर सगळं ज्ञान काठावरच्या टॉवेलपाशी राहायचं. मी श्वास कोंडत होते म्हणजे तो वायूच जपून ठेवत होते. २५ मीटर गेले की छाती फुटायची, आणि मला वाटायचं, आपला स्टॅमिनाच नाही. घरी जिने चढायला लागले. जिने चढून पोहण्यात काडीचा फरक पडला नाही.

कोचने उपाय सांगितला तो असा: पाण्यात तोंड असेपर्यंत गुणगुणायचं. तोंड मिटून गुणगुणलं की हवा नाकातून जात राहते, त्यामुळे श्वास आपोआप सुटतो आणि नाकात पाणीही शिरत नाही. काय गुणगुणायचं ते सुचेना म्हणून मी सतराचा पाढा घेतला. तोंड मिटलेलं असल्याने शब्द नाहीतच, नुसती चाल. सत्रा त्रिक एक्कावन्नपर्यंत आलं की तोंड बाजूला काढायचं. आजही लय बिघडली की मी गुपचूप पाढ्यावर येते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण त्या दिवशी कोच माझ्यावर खरोखर रागावली होती. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून मी काठावर बसून भराभरा दहाबारा खोल श्वास घेत होते. तिने येऊन थांबवलं. असं केल्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो. मग धोक्याची घंटा वाजायच्या आधीच माणूस पाण्याखाली शुद्ध हरपू शकतो, आणि हे चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही घडलेलं आहे. “ताई, हे परत करायचं नाही.” वयाने माझ्या निम्मी. मी विद्यार्थिनीसारखी मान हलवली.

तरंगण्याचा धडा वेगळ्याच वाटेने आला. छातीभर पाण्यात तिने तळाशी एक प्लॅस्टिकची रिंग टाकली आणि म्हणाली, हाताने काढून आणा. मी डोकं खाली घातलं, हात लांबवला, आणि पाणी मला खाली जाऊ देईना. ढुंगण वर, हात वीतभर वर, रिंग जागच्या जागी. बुडायच्या भीतीने आठ दिवस झोप उडालेली बाई आता बुडायचा जिवापाड प्रयत्न करत होती आणि ते जमत नव्हतं. नंतर वाचताना कळलं, ही युक्ती जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात एका पोहू न शकणाऱ्या माणसाला पत्रातून हाच सल्ला दिला होता: छातीभर पाण्यात जा, काठाकडे तोंड करा, मधल्या पाण्यात एक अंडं टाका आणि ते उचलायला बुडी मारा, म्हणजे पाणी आपल्याला वर उचलतं हे कळेल. माझं अंडं अठरा वर्षं मिठाच्या पाण्यात तरंगत होतं; फ्रँकलिनने बुडवलं, ते जास्त उपयोगी ठरलं.

श्वास आला, तरंगणं आलं, म्हणजे पोहणं आलं असं मला वाटलं. तीन महिने मी तसं समजून पोहलेसुद्धा. २५ मीटरला ३६ हात मारायचे, पलीकडे पोहोचल्यावर भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटून उभी राहायचे. मग एक दिवस कोचने फोन जलरोधक पाकिटात घालून पाण्याखाली धरला आणि मला पोहायला सांगितलं.

तो व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. माझी समजूत अशी होती की माझी नजर तळाकडे आहे, हात नाकासमोर सरळ जातात आणि पाय जोरात चालतात. पडद्यावरची बाई समोर बघत होती, रस्ता ओलांडताना बघावं तसं. तिचा डावा हात डोक्यापुढून उजवीकडच्या बाजूला जाऊन पडत होता. आणि पाय? पाय सायकल चालवत होते. धड इतकं तिरकं की कोणी जिना चढतंय असं वाटावं. मी तिला दोनदा विचारलं, हा माझाच व्हिडिओ आहे ना? टोपी माझीच होती.

मोठेपणी शिकण्यातली खरी अडचण मला त्या दिवशी समजली. भीती नव्हे, वय नव्हे, लवचिकपणा थोडाफार. पण सगळ्यात मोठी अडचण ही की आपलं शरीर काय करतंय याची बातमी आपल्याला चुकीची मिळते. चुकीची, आणि ठाम आवाजात. जमिनीवर चाळीस वर्षं हातपाय वापरलेले असतात. तिथे डोळे आहेत, आरसा आहे, पायाखाली जमीन आहे. पाण्यात आडवं झालं की यातलं काहीच नसतं, आणि शरीर जुन्याच सवयीने खुशाल सांगत राहतं, सगळं सरळ आहे हो.

तेव्हापासून मी वर्गातली पद्धत स्वतःला लावली. प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घेते ना, तसं. व्हिडिओ बघायच्या आधी पाच गोष्टींचा अंदाज सांगायचा: डोकं, उजवा हात, डावा हात, कोपर, पाय. मग बघायचं. पहिल्यांदा पाचांपैकी शून्य.

डोक्यापासून सुरुवात केली, कारण बाकीचं बरंच त्याच्यावर टांगलेलं असतं. माणूस पाण्यात सीसॉसारखा असतो. छातीत हवेने भरलेली फुप्फुसं, म्हणजे पुढच्या अंगाला तरंगणारा फुगा. मांड्या आणि पाय मात्र जड. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते पाण्यात असेल तर पाणी त्याचं ओझं उचलतं, बाहेर काढलं की ते ओझं आपलं. डोकं वर, की कंबर खाली, की पाय त्याहून खाली. मग ते तिरकं धड आपण पुढे ओढायचं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं, आणि वेग दुप्पट करायचा म्हटलं तर विरोध चौपट होतो. म्हणजे जोर लावून सुटण्यातली ही गोष्ट नाही, आड येणारं अंग कमी करणं हाच स्वस्त मार्ग.

मला एक शंका होती आणि ती मी कोचला विचारलीच. टार्झन झालेल्या जॉनी वाइसम्युलरचे जुने चित्रपट मी पाहिले होते. तो तर डोकं आणि छाती उंच ठेवून पोहायचा, आणि १९२२ साली १०० मीटर एका मिनिटाच्या आत, ५८.६ सेकंदांत पोहणारा जगातला पहिला माणूस तोच. मग? ती म्हणाली, “त्याच्यासारखे पाय मारता येतात का तुम्हाला?” विषय संपला.

नजर तळाकडे नेली. मानेतून सांगायचं तर मला असं वाटत होतं की मी हनुवटी छातीला टेकवून पाठीमागे बघतेय, इतकं खाली. व्हिडिओत? सरळ. नुसती सरळ. हाताचंही तेच. कोच म्हणाली, “घड्याळाची तबकडी डोक्यासमोर धरा. उजवा हात दोनवर टाका, डावा दहावर.” मी दहा आणि दोनवर टाकले, म्हणजे मला वाटलं की मी बेडकासारखी फाकलेय. व्हिडिओत हात बरोबर खांद्यासमोर. माझं ‘सरळ’ हे डोक्यापलीकडे होतं, त्यामुळे खरं सरळ मला वाकडं वाटत होतं. बरोबर असलेली गोष्ट चुकीची वाटते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवून चार आठवडे काढायचे, हा मला सगळ्यात कठीण गेलेला भाग. दमछाक परवडली.

हात मधली रेघ ओलांडतो तेव्हा पाय का सायकल चालवतात, हेही तेव्हाच कळलं. हात आडवा गेला की कंबर दुसऱ्या बाजूला झोकांडते, आणि तोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकतात. मी पायांना दोष देत होते. ते बिचारे हाताची चूक निस्तरत होते.

अर्थात पायांची स्वतःची चूकही होतीच. किकबोर्ड धरून नुसते पाय मारायला सांगितले तेव्हा मी जागची हलले नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं, हलत होते, पण मागे. भिंत जवळ येत होती, मागची. पावलं घोट्यात काटकोनात ताठ राहिली तर ती फावड्यासारखी पाणी पुढे ढकलतात. गुडघ्यातून जोर लावला की मांडीच पाण्याला आडवी. हालचाल कमरेतून यायला हवी, गुडघा सैल, पाऊल मागे ताणलेलं आणि घोटा ढिला, पायातली चप्पल झटकून टाकावी तसा. चपलेचं ऐकलं आणि काहीतरी उजळलं. रोज घरी टाचांवर बसून घोटे ताणते. एकदा पाऊल फार ताणलं आणि मधल्या पाण्यात पोटरीत असा गोळा आला की लेनच्या दोरीला लटकून पाय चोळत बसले. शेजारच्या लेनमधले काका थांबले, विचारपूस केली, आणि त्या अवस्थेतही मला एक सल्ला देऊन गेले: “हात पाण्यात एस काढतो बघा, एस. इंग्रजी एस.”

काकांचा एस. यावर मी पुढचा महिनाभर वाचत होते, कारण कोच म्हणत होती एस काढू नका. दोघंही एका अर्थी खरं बोलत होते, आपापल्या काळातलं. आधी शिकवलं जायचं की हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढायचा. मग अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन याने, १९७२च्या ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवणाऱ्या मार्क स्पिट्झचा हा प्रशिक्षक, पोहणाऱ्यांचं पाण्याखालून चित्रण केलं. हात सरळ जातच नव्हते, वळणं घेत होते. त्याने त्याची कारणमीमांसा बर्नुलीच्या तत्त्वावर (प्रवाह जिथे वेगवान, तिथे दाब कमी) केली, विमानाच्या पंखासारखी, आणि एका पिढीने मुद्दाम एस गिरवला. पुढच्या अभ्यासांतून मत पुन्हा दुसरीकडे झुकलं: पुढे नेणारं बळ मोठ्या प्रमाणात पाणी मागे ढकलण्यातूनच येतं, आणि त्या वळणाचा बराचसा भाग अंग कुशीवर वळल्यामुळे आपोआप दिसतो. मला हे वाचून फार बरं वाटलं. ज्यांचा हा धंदा होता, त्यांनाही हात कुठून जातो हे कळायला कॅमेरा लागला, आणि कॅमेऱ्यात दिसलं तरी का जातो यावर वाद उरलाच. तो काउन्सिलमन पुढे १९७९ साली वयाच्या ५८व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेला, म्हणजे माणूस नुसता काठावरून ओरडणारा नव्हता. काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. ते एस काढत काढत माझ्या पुढे निघून जातात.

माझा प्रश्न एसचा नव्हताच, कोपराचा होता. हात पाण्यात गेला की मी तो ताठ ठेवून खाली दाबायचे. खाली दाबलं की खांदे वर उचलले जातात आणि जोर लागतोय असं छान वाटतं. लागतही असतो, पण तो मला वर नेत असतो, पुढे नाही. कोचने मुठी आवळून पोहायला लावलं. मुठींनी पाणी निसटतं, पुढे जाणंच होईना. दोन फेऱ्यांनंतर नकळत हात कोपरात वाकायला लागला, बोटांची दिशा तळाकडे, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा आतला भाग पाण्याला टेकला. टेकला हाच शब्द. पिंपावर आडवं होऊन हात पलीकडे टाकावा तसं. मग तिने मुठी उघडायला सांगितल्या, आणि तळहात अचानक परातीएवढे वाटायला लागले. हा आनंद साधारण चार हात टिकला, पाचव्याला कोपर पुन्हा पडलं. पण चार हात मिळाले होते.

बाजूला श्वास घेणं मात्र शिकवून आलं नाही, एका दिवशी आलं. तोवर मी तोंड वर उचलून घ्यायचे, आणि दर वेळी कंबर खाली. “मान वळवू नका, अंग वळवा. मान आपोआप येते,” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी उजव्या बाजूला वळले आणि दिसलं की गॉगलच्या एका काचेतून तळाच्या फरशा दिसताहेत आणि दुसऱ्या काचेतून छताचा दिवा. पाण्याची रेघ बरोबर नाकावरून जात होती. तोंडाचा एक कोपरा बाहेर, आणि त्या कोपऱ्याशी पाणी चक्क खाली दबलेलं, बशीसारखं. पुढे सरकणारं डोकं समोर लाट उचलतं आणि तिच्यामागे गालापाशी खोलगट जागा होते. श्वास त्या बशीतला घ्यायचा असतो. मी इतकी थक्क झाले की श्वास घ्यायलाच विसरले, आणि पुढच्या वळणाला नाकातोंडात पाणी.

आता २५ मीटरला २३ हात लागतात, वेळ ३८ सेकंद. अमेरिकन जलतरणपटू केटी लेडेकीने २०१८ साली १५०० मीटर १५ मिनिटं २०.४८ सेकंदांत पोहून दाखवले, म्हणजे प्रत्येक ५० मीटर सरासरी ३१ सेकंदांच्या आत, सलग तीस वेळा. हे मी रोज आठवते असं नाही, पण २३ झाल्याचा फार माज चढला की आठवते. सलग ४०० मीटर जमतात. डाव्या बाजूने श्वास घ्यायला नुकतीच लागलेय आणि तिथे मी पुन्हा पहिल्या आठवड्यातली बाई आहे, गाल फुगवलेली.

गेल्या शनिवारचा व्हिडिओ. अंदाज आधी सांगितला: डोकं सरळ, उजवा हात ठीक, डावा ठीक, उजवं कोपर पडतंय, पाय जवळ. कोचने फोन काठावर टेकवला, आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. डोकं सरळ. हात दोन्ही आपापल्या जागी. तीन बरोबर! मग कोपर. पडत होतं, पण डावं. मी शपथेवर सांगितलं असतं उजवं म्हणून. आणि पाय जवळ होते खरे, पण डाव्या बाजूला श्वास घेताना दर वेळी उजवा पाय एकटाच वर येऊन पाण्याबाहेर हवेत लाथ मारत होता, कुणीतरी मागे उभं असल्यासारखी. कोचला हसू आवरेना. हसता हसता तिचा हात लागला आणि फोन सरळ खोल बाजूला पडला.

मी किंचाळले. पाकिटात हवा राहिली होती. फोन वर आला, पालथा झाला, आणि आमच्यापैकी कुणाचा हात पोहोचेपर्यंत काहीही न करता तरंगत राहिला.